गडांच्या पानांतला गाभा: प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५

पाऊस ओसरला, गटाच्या भटकंतीचं वेळापत्रक लागलं आणि बरेच दिवस मनात असलेलं काम हाती घेतलं. गडांची माहिती फोनवर हवी, रेंज नसतानाही वाचता येईल अशी. मजकूर मराठी विकिपीडियावरचा. गटात बरेच जण जुने फोन वापरतात, म्हणून फाइल लहान हवी. चित्रं नकोत, नकाशे आमच्याकडे वेगळे आहेत. गडाचं नाव दाबलं की थेट वाचायचा मजकूर समोर यावा, एवढीच मागणी.

चाचणीसाठी बारा गड घेतले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेले तेच: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतली जिंजी. ही यादी चाचणीला चांगली आहे. गिरिदुर्ग आहेत, जलदुर्ग आहेत, पन्हाळ्यासारखा नांदत्या गावाचा गड आहे, आणि जिंजी तर महाराष्ट्राबाहेर. लेखांची लांबी आणि बांधणी सारखी नसणार. या बारांवर जे टिकेल ते पुढे बाकीच्या गडांवरही टिकण्याची शक्यता जास्त.

विकीचं पान ब्राउझरमध्ये उघडलं की लेखासोबत बाकी बरंच काही उतरतं: मेनू, इतर भाषांचे दुवे, संपादनाचे दुवे, स्क्रिप्टा, शैलीच्या फायली. लेखाच्या आतसुद्धा मार्गक्रमण साचे (साचा म्हणजे अनेक पानांवर पुन्हा पुन्हा वापरायचा तयार तुकडा), सूचनापट्ट्या, संदर्भांची यादी आणि तळाला वर्ग असतात. पूर्ण पान उतरवून घ्यायचं आणि मग त्यातलं बरंचसं टाकून द्यायचं, यात आपलाही डेटा जातो आणि विकिमीडियाच्या सर्व्हरवरही विनाकारण भार पडतो. त्यांचे सर्व्हर देणग्यांवर चालतात. लागेल तेवढंच मागावं.

आधी किविक्स पाहिलं. अख्खा विकिपीडिया ऑफलाइन वाचण्यासाठीचं हे जुनं आणि भरवशाचं साधन. त्याच्या फायली वेगवेगळ्या आकारांत मिळतात: चित्रांसह, चित्रांशिवाय आणि ‘मिनी’. मिनीमध्ये प्रत्येक लेखाची फक्त प्रस्तावना आणि माहितीचौकट, म्हणजे लेखाच्या सुरुवातीचा ठळक माहितीचा तक्ता, असते. आम्हाला सगळा विकिपीडिया नको, आणि गडांचा फक्त पहिला परिच्छेदही पुरणार नाही. पण ‘प्रस्तावना आणि माहितीचौकट’ ही त्यांची जोडी लक्षात ठेवली आहे. गाभा ठरवताना चौकट आत घ्यावी असं त्यांना वाटलं, त्यामागे विचार असणार.

१४ ऑक्टोबर

आजचा दिवस ‘टेक्स्टएक्स्ट्रॅक्ट्स’वर. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी सॉफ्टवेअरच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामने माहिती मागायच्या सोयीला, हा विस्तार जोडलेला असतो. लेखाचं नाव दिलं की साधा मजकूर परत देतो. ‘एक्सप्लेनटेक्स्ट’ पर्याय लावला की एचटीएमएलची, म्हणजे वेबपानाच्या मांडणीची, एकही खूण राहत नाही, आणि ‘एक्सइंट्रो’ लावला की पहिल्या मथळ्याआधीचा भाग तेवढा येतो.

प्रस्तावना हव्या असतील तर याच्याइतकी सुटसुटीत वाट दुसरी नाही. एका विनंतीत २० लेखांच्या प्रस्तावना मिळतात, म्हणजे बाराही गड एका फटक्यात. पूर्ण लेख मागितला की मात्र एका वेळी एकच. मर्यादा वाढवून मागितली तर एपीआय ती १ वर आणतो आणि तशी सूचना देतो. त्याला कारणही आहे. पूर्ण लेखाचा मजकूर काढायचा तर सर्व्हरला सगळं पान चाळावं लागतं.

खरा प्रश्न आहे तो हा विस्तार काय गाळतो याचा. तक्ते जातात, ‘डिव्ह’ या एचटीएमएल चौकटीत बसवलेलं सगळं जातं, संदर्भांचे आकडे जातात, छपाईत नको म्हणून खूण केलेले तुकडे जातात. शब्दकोशासाठी किंवा शोधयंत्रातल्या चार ओळींसाठी हे उत्तम. पण विकीवर लिहिणारे लोक तक्ते सजावटीसाठी घालत नाहीत. गडावर जायच्या वाटा कुणी तक्त्यात मांडल्या असतील तर त्या मुकाट गायब होतात आणि वर मथळा तेवढा उरतो: ‘गडावर जाण्याच्या वाटा’, खाली काहीच नाही. वाचणाऱ्याला वाटेल की वाटाच नाहीत.

प्रस्तावनेसाठी हेच वापरायचं. पूर्ण लेखासाठी दुसरं काही शोधायचं.

१५ ऑक्टोबर

नावांचा घोळ आधी निस्तरला. ‘रायगड’ म्हटलं की जिल्हाही आहे आणि किल्लाही. ‘सिंधुदुर्ग’चं तेच. नाव तोंडपाठ आहे म्हणून ते तसंच यादीत टाकता येत नाही. एका नावाच्या अनेक लेखांची यादी देणाऱ्या पानाच्या गुणधर्मांत निःसंदिग्धीकरणाची खूण असते, ती एपीआयला विचारता येते. ज्या नावावर ती खूण सापडेल ते नाव हाताने तपासायचं. पुनर्निर्देशनं, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या लेखाकडे धाडणारी पानंही सोडवून घ्यायची, नाहीतर रिकामं पान पदरी पडतं.

दुसरी गोष्ट यूआरएलच्या लांबीची. देवनागरीचा प्रत्येक संकेतबिंदू (अक्षर, मात्रा किंवा हलन्त यांचा संगणकातला एक क्रमांक) यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत ३ बाइट घेतो आणि यूआरएलमध्ये त्याची ९ अक्षरं होतात. ‘रायगड (किल्ला)’ या नावात देवनागरीचे ११ संकेतबिंदू आहेत, त्यांचीच ९९ अक्षरं झाली. एपीआय एका वेळी ५० नावं घेतो, पण अशी ५० मराठी नावं एका यूआरएलमध्ये कोंबली तर सर्व्हर लांबीवरूनच ती नाकारू शकतो. इंग्रजी विकीवर काम करणाऱ्यांना ही अडचण सहसा जाणवत नाही, म्हणून ती तयार उदाहरणांत दिसतही नाही. उपाय सोपा आहे. नावांवरून पानांचे क्रमांक एकदाच मिळवून जपून ठेवायचे आणि पुढे क्रमांकांनीच मागायचं. क्रमांकाचा आणखी एक फायदा म्हणजे लेखाचं नाव बदललं तरी तो तोच राहतो.

१८ ऑक्टोबर

विकिमजकुराची वाट. संपादकाला खिडकीत दिसतो तो कच्चा मजकूर एका विनंतीत ५० लेखांचा मिळतो. उतरवायला याहून हलकं काही नाही. अख्खा मराठी विकिपीडिया हवा असता तर विकिमीडिया वेळोवेळी काढतं तो संपूर्ण साठाच उतरवला असता. त्यातही हाच मजकूर असतो, आणि हजारो पानांसाठी एपीआयला छळण्यापेक्षा तो रस्ता कधीही बरा. आम्हाला काही शेकडा पानंच लागणार, म्हणून एपीआय पुरे.

पायथनमध्ये ‘एमडब्ल्यूपार्सरफ्रॉमहेल’ नावाची लायब्ररी आहे. विकिमजकूर नीट उलगडते, एकात एक अडकलेले साचेसुद्धा. नियमित पदावल्यांनी (रेग्युलर एक्सप्रेशन, मजकुरातले नमुने शोधायची सूत्रं) हे करायचा विचार मी मनातही आणला नाही. साच्यात साचा आणि त्यात दुवा असला की त्या कोलमडतात. लायब्ररीत खुणा काढून नुसता मजकूर देणारी सोय आहे. ती चालवली आणि पहिल्याच लेखात वाक्यांच्या मध्ये हे दिसलं: ‘इवलेसे|उजवे|’ आणि पुढे चित्राखालची ओळ.

मराठी विकीवर चित्राचे पर्याय मराठीत लिहायची सोय आहे. इवलेसे म्हणजे लहान आकारात, उजवे म्हणजे उजवीकडे. लायब्ररीच्या दृष्टीने ‘[[चित्र:…]]’ हा एक दुवाच असतो, आणि दुव्याचा मजकूर म्हणून ती उभ्या रेषेनंतरचं सगळं देऊन मोकळी होते. इंग्रजी पानांवरही हे होतं, पण तिथे त्यावर तोडगा म्हणून लिहिलेलं कोड सापडतं. ते कोड इंग्रजी शब्द शोधत असल्यामुळे मराठी शब्द सुखरूप निसटतात. मराठीच्या बऱ्याच मजकूरसंग्रहांत मध्येच ‘इवलेसे’ का भेटतं, ते आज डोळ्यांनी पाहिलं.

याचा कायमचा इलाज म्हणजे विकीलाच विचारणं. एपीआयकडे ‘साइटइन्फो’ मागितलं की त्या विकीवरच्या नामविश्वांची (पानांच्या प्रकारांची) नावं, त्यांची पर्यायी रूपं आणि जादुई शब्द, म्हणजे विकीला विशेष अर्थाने कळणारे शब्द, सगळं मिळतं: चित्र, वर्ग, साचा, विशेष, पुनर्निर्देशन. ही यादी कोडमध्ये हाताने लिहून ठेवायची नाही. तेच कोड उद्या कोकणी किंवा कन्नड विकीवर चालवायचं तर यादी आपोआप बदलली पाहिजे.

इतकं करूनही ही वाट सोडावी लागतेय. साचे उलगडले जात नाहीत हे त्याचं कारण. ‘गडाची उंची’ म्हणून पुढे फूट आणि मीटर असं दोन्ही दाखवणारा रूपांतराचा साचा असला, तर खुणा काढताना तो साचा आकड्यासकट जातो. मागे उरतं: ‘हा गड समुद्रसपाटीपासून उंचीवर आहे.’ वाक्य व्याकरणाने जवळपास धड दिसतं, त्यामुळे चाळताना डोळ्यांना टोचतही नाही. तक्ता हरवला तर रिकामा मथळा तरी दिसतो. वाक्यातला आकडा हरवल्याचा पत्ताच लागत नाही. ज्या पद्धतीत नुकसान दिसत नाही ती पद्धत या कामाला नको.

२५ ऑक्टोबर

दिवाळीत काम बंद होतं. सोसायटीतल्या मुलांनी यंदा मातीचा राजगड केला, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्यांसकट. बालेकिल्ल्याचा दरवाजा कुठल्या बाजूला, हे विचारायला दोघं घरी आली होती. मजकूर तयार असता तर त्यांच्या हातात ठेवता आला असता.

आजपासून पार्सॉइडचं एचटीएमएल. पार्सॉइड हा मीडियाविकीचा पार्सर, म्हणजे विकिमजकुराचं एचटीएमएल करणारा प्रोग्राम. दृश्य संपादकासाठी तो २०१२ च्या सुमारास सुरू झाला, आधी जावास्क्रिप्टमध्ये होता, मग २०१९ मध्ये पीएचपीत आणला गेला. आमच्यासाठी महत्त्वाचं असं की दृश्य संपादकाला एचटीएमएलवरून पुन्हा विकिमजकूर तयार करावा लागतो. म्हणून पानाचा कुठला तुकडा कशातून आला याच्या खुणा हा पार्सर जपून ठेवतो. साचे उलगडलेले असतात, म्हणजे आकडे जागेवर असतात. शिवाय हा तुकडा साच्यातून आला, हा दुवा, ही चित्राची चौकट, हेही सांगितलेलं असतं. रेस्ट एपीआय या दुसऱ्या एपीआयवरून पानाचं एवढंच एचटीएमएल मिळतं. बाहेरचा मेनू वगैरे त्यात नसतो.

विकिमजकुरापेक्षा हे वजनाला जड आहे. पण दाबून पाठवलेलं मागितलं की बरंच हलकं होतं. देवनागरीच्या तीन बाइटांतले पहिले दोन सतत तेच ते येत असल्यामुळे मराठी मजकूर जीझिप या दाबायच्या पद्धतीत छान आकसतो. जड वाटेवरून जायचं ठरवलं ते हे पाहूनच.

पान विभागांत बांधलेलं असतं. प्रत्येक मथळा आणि त्याखालचा मजकूर एका ‘सेक्शन’मध्ये, त्यावर क्रमांक, प्रस्तावनेचा क्रमांक ०. त्यामुळे विभाग उचलणं किंवा वगळणं सरळ होतं. वगळायच्या मथळ्यांची यादी केली: संदर्भ, संदर्भ यादी, संदर्भ आणि नोंदी, बाह्य दुवे, बाह्यदुवे, हे सुद्धा पहा, हेही पाहा, छायाचित्रे, चित्रदालन. लेखनात फरक फार, म्हणून जुळवण्याआधी मोकळ्या जागा आणि शेवटचे विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम काढून टाकायचे.

जुळणी पूर्ण मथळ्याशीच करायची, ही गोष्ट इथे ठळक लिहून ठेवते. ‘संदर्भ’ हा शब्द मथळ्यात कुठेही आला की वगळा असा नियम केला तर ‘ऐतिहासिक संदर्भ’ हा विभागही जातो, आणि गडाच्या लेखात त्याच मथळ्याखाली सगळा इतिहास असू शकतो.

साचे काढताना आणखी एक खाच आहे. एकाच साच्यातून पानावर कधी कधी एकापेक्षा जास्त घटक उगवतात, लगोलग शेजारी. पार्सॉइड त्या सगळ्यांवर एकच ‘अबाउट’ ओळख टाकतो. पहिला घटक काढून थांबलं तर उरलेले लेखात लोंबकळत राहतात. त्या ओळखीचे सगळे घटक गोळा करून एकदमच काढायचे.

सर्वसाधारण वेबपानांतून मजकूर काढणारी साधनंही चालवून पाहिली. फायरफॉक्सच्या वाचनदृश्यामागे असलेलं ‘रीडॅबिलिटी’ त्यातलंच. अनोळखी संकेतस्थळावर ही साधनं अंदाजाने काम करतात: दुव्यांचं प्रमाण किती, परिच्छेद किती लांब. विकीची बांधणी उघड आणि लिहून ठेवलेली आहे. तिथे अंदाज कशाला?

२६ ऑक्टोबर

रविवार. गटातल्या काकांना पहिले काढलेले मजकूर दाखवले. त्यांना सह्याद्री पाठ आहे. मी लॅपटॉप पुढे केला. त्यांनी वरची ओळ वाचली, खाली सरकवलं, पुन्हा वर आले.

“अगं, श्रेणी कुठाय? पायथ्याचं गाव?”

“काका, ते माहितीचौकटीत असतं. चौकट मी काढून टाकलीय, लेख तेवढा ठेवलाय.”

“मग तू गाभा काढलास आणि बाकीचं ठेवलंस.”

ते रागावून बोलले नाहीत, पण मुद्दा बिनतोड होता. मजकूर काढायच्या बहुतेक पद्धतींत माहितीचौकट सगळ्यात आधी उडवली जाते, कारण ती वाक्यांत नसते. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला ती नकोच असते, त्याला वाक्यं हवीत. गडावर निघालेल्याला मात्र त्या चौकटीतल्या सात ओळी आधी लागतात: उंची, प्रकार, चढाईची श्रेणी, ठिकाण, जवळचं गाव, डोंगररांग, सध्याची अवस्था. मग पाण्याची सोय, मुक्कामाची सोय, वाटा. इतिहास वर गेल्यावर, तटावर बसून निवांत वाचायचा.

काकांनी कागदावर क्रम लिहून दिला. पाणी, वाट, मुक्काम, श्रेणी, मग बाकीचं. तो कागद आता या प्रकल्पाचा आराखडा आहे.

पार्सॉइड इथेही कामी आलं. साच्यातून आलेल्या घटकावर ‘डेटा-एमडब्ल्यू’ नावाच्या गुणधर्मात साच्याचं नाव आणि त्याला दिलेली सगळी मूल्यं जेसनमध्ये, म्हणजे नाव-मूल्य अशा सुटसुटीत जोड्यांत, तशीच असतात. म्हणजे चौकटीचा तक्ता रांगा-रकाने मोजत वाचायची गरज नाही. ‘उंची’ला काय दिलंय, ‘गाव’ला काय दिलंय, ते थेट मिळतं. आकडे कुणी देवनागरीत लिहिलेले असतात, कुणी रोमन अंकांत, कुणी फुटांत, कुणी मीटरमध्ये. क्रमाने लावण्यासाठी आतल्या आत एकच रूप केलं, पण वाचणाऱ्याला मूळ लेखातलंच दाखवायचं. १,५६७ मीटरचा साल्हेर यादीत सगळ्यात वर आला, तेव्हा निदान हा भाग नीट बसल्याची खात्री पटली.

१ नोव्हेंबर

या प्रकल्पातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो निर्णय आज झाला.

गडांच्या लेखांत पाण्याबद्दल एखादंच वाक्य असतं. अमुक टाक्यात बारमाही पाणी असतं, वगैरे. अशा वाक्याला कधी संदर्भ जोडलेला असतो, कधी नसतो, आणि कधी कुणा जागरूक संपादकाने त्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण केलेली असते. ती खूण वर चढवलेल्या लहान अक्षरांत असते आणि छपाईत नको म्हणून तिला एचटीएमएलमध्ये वेगळा वर्ग (क्लास) दिलेला असतो. मजकूर स्वच्छ करणारी साधनं तिला कचरा समजतात. टेक्स्टएक्स्ट्रॅक्ट्स ती काढतं, माझ्या कोडमध्येही वगळायच्या वर्गांच्या यादीत तो वर्ग होता.

आता वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहावं. मूळ पानावर ‘टाक्यात वर्षभर पाणी असते [संदर्भ हवा]’ असं वाचणारा माणूस दोन बाटल्या जास्त घेईल. आमच्या फाइलमध्ये ‘टाक्यात वर्षभर पाणी असते’ एवढंच वाचणारा कदाचित घेणार नाही. एप्रिलच्या उन्हात, कड्यावरच्या वाटेने चढून गेल्यावर टाकं कोरडं निघालं तर ती नुसती सामान भरतानाची चूक राहत नाही. एका स्वयंसेवकाने घातलेली शंका आपण पुसतो आणि त्या वाक्याला मूळ पानावर नसलेली खात्री बहाल करतो. मजकूर जितका स्वच्छ, तितका तो खरा वाटतो. म्हणून त्या खुणा ठेवायच्या.

नियम असे केले. ‘संदर्भ हवा’ ही खूण वाक्यापुढे कंसात तशीच राहील. संदर्भांची यादी देणार नाही, जागा फार खाते. पण वाक्याला संदर्भ असेल तर त्यापुढे एक बारीक चिन्ह राहील, म्हणजे संदर्भ असलेलं वाक्य आणि नसलेलं वाक्य ओळखू येईल. लेखाच्या डोक्यावर ‘या लेखातील मजकूर अपूर्ण आहे’ किंवा ‘संदर्भ नाहीत’ अशी पट्टी असेल, तर तिची सजावट काढून एक ओळ ठेवायची. आणि प्रत्येक गडाच्या वर लेखाच्या शेवटच्या बदलाची तारीख. ती तारीख म्हणजे टाकं पाहिल्याची तारीख नव्हे, हे आमच्या सूचनापानावर स्पष्ट लिहायचं आहे.

एवढ्याने फाइल थोडी वाढते. वाढू दे.

३ नोव्हेंबर

अदृश्य अक्षरं. मजकूर साफ करणाऱ्या एका तयार फंक्शनने शून्य रुंदीचे जोडक (न दिसणारी, पण शेजारच्या अक्षराचं रूप ठरवणारी खूण) काढून टाकले आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला. जुन्या पद्धतीने टंकलेल्या लेखांत तो र साधा र, हलन्त आणि मग जोडक असा लिहिलेला असतो. जोडक गेला की रफार चढतो. खोल दऱ्यांच्या जागी समुद्र. आता जोडक सरसकट न काढता, त्या रचनेचं ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरात रूपांतर करते. शोधही सुधारला, कारण आधी दोन पद्धतींनी लिहिलेला तोच शब्द एकमेकांशी जुळत नव्हता.

८ नोव्हेंबर

ताजेपणा. बारा लेखांचं काही वाटत नाही, पण उद्या सगळे गड घेतले आणि दर आठवड्याला सगळे पुन्हा उतरवले तर तो अपव्यय. बहुतेक लेख आठवड्यात बदलतच नाहीत.

दोन पातळ्यांवर तपासणी ठेवली. आधी पानांचे क्रमांक ५०-५० च्या गटांत देऊन फक्त शेवटच्या आवृत्तीचा क्रमांक विचारायचा. उत्तर अगदी लहान येतं. आपल्याकडचा क्रमांक आणि तो सारखा असेल तर त्या लेखाला हातच लावायचा नाही. वेगळा असेल तरच एचटीएमएल मागायचं, तेही आधीचा ईटॅग, म्हणजे मागच्या उत्तराची सर्व्हरने दिलेली ओळखखूण, सोबत देऊन. काही बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ (‘बदल नाही’) म्हणतो आणि मजकूर पाठवत नाही.

यात एक कच्चा दुवा उरतो. साचा बदलला पण लेख बदलला नाही, तर आवृत्तीचा क्रमांक तोच राहतो आणि पानावर दिसणारा मजकूर वेगळा होतो. म्हणून महिन्यातून एकदा सगळे लेख ईटॅगसह विचारून घ्यायचे.

सभ्यतेचे नियमही याच नोंदीत, म्हणजे पुढे कोड हाती घेणाऱ्याला शोधावे लागणार नाहीत. विनंत्या एकामागोमाग एक, समांतर नाहीत. यूजर-एजंटमध्ये, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या आपल्या ओळखीत, प्रकल्पाचं नाव आणि संपर्क. लायब्ररीचं मूळ नाव तसंच सोडलं तर विकिमीडियाचे सर्व्हर अडवू शकतात, आणि ते रास्तच आहे. ‘मॅक्सलॅग’, म्हणजे सर्व्हर किती सेकंद मागे पडलेले चालतील ती मर्यादा, ५ वर. सर्व्हर मागे पडले असतील तर आपण थांबायचं. ४२९ (‘फार विनंत्या झाल्या’) आलं तर उत्तरातलं ‘रिट्राय-आफ्टर’ सांगेल तितकं थांबायचं.

९ नोव्हेंबर

परवाना. मजकूर सीसी बाय-एसए ४.० या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. विकिपीडिया जून २०२३ मध्ये ३.० वरून ४.० वर आला. आम्ही वापरू शकतो, कापू शकतो, वाटू शकतो, पण श्रेय द्यायचं, बदल केले असतील तर तसं सांगायचं, आणि तयार झालेला मजकूरही त्याच परवान्याखाली ठेवायचा.

गाभा काढताना श्रेय सगळ्यात सहज गळतं, कारण ते पानाच्या तळपट्टीत असतं आणि तळपट्टी आपण सगळ्यात आधी टाकतो. रेस्ट एपीआयच्या ‘बेअर’ उत्तरात लेखाचं नाव, ताज्या आवृत्तीचा क्रमांक, तिची वेळ आणि परवाना, हे सगळं मजकुराविना मिळतं. आमच्या एका नोंदीला लागणारं श्रेय त्यात नेमकं बसतं. प्रत्येक गडाखाली आता एक ओळ आहे: लेखाचं नाव, पत्ता, आवृत्ती, परवाना, आणि ‘संक्षिप्त केलेला मजकूर’. हे लेख कुणीतरी संध्याकाळी घरी बसून, पदरचा वेळ घालून लिहिले आहेत. ऑफलाइन फाइलमध्ये दुवा दाबता येत नाही म्हणून ती ओळ गाळायची नाही.

चित्रांचा परवाना चित्रागणिक वेगळा असतो. चित्रं नाहीत, त्यामुळे तो प्रश्न तूर्त नाही.

१६ नोव्हेंबर

पहिली पूर्ण फाइल फोनवर. बाराही गड. काकांच्या क्रमाने विभाग लावले तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. तो क्रम गिरिदुर्गांचा आहे. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांना तो जसाच्या तसा लागत नाही. खांदेरीला थळहून होडीने जायचं, सुवर्णदुर्गला हर्णैहून, सिंधुदुर्गला मालवणहून. तिथे चढाईच्या श्रेणीला अर्थ नाही. होडी कुठून आणि समुद्र कधी खवळलेला असतो, ते आधी हवं. पाण्याचंही उलटं. चहूकडे खारं पाणी असलेल्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, ही त्या लेखातली वाचावीच अशी गोष्ट. विजयदुर्गाला जमिनीवरून जाता येतं, म्हणून तो पुन्हा निराळा.

चौकटीतला ‘प्रकार’ पाहून क्रम निवडायचा असं ठरवलं: गिरिदुर्गाचा एक, जलदुर्गाचा एक. ‘प्रकार’ रिकामा असेल तर लेखाचा मूळ क्रम. जिंजीला दोन्ही नीट बसत नाहीत. तिथे इतिहासच वर हवा. राजाराम महाराजांनी जिथून काही वर्षं राज्य चालवलं, १६९८ मध्ये पडेपर्यंत ज्याला मुघलांचा वेढा होता, त्या गडाला महाराष्ट्रातून जाणारा माणूस पाण्याचं टाकं शोधायला जात नाही. तिला मूळ क्रमच ठेवला.

१९ नोव्हेंबर

तपासणीची एक साधी पद्धत बसवली. मूळ पानावरचे सगळे आकडे एका बाजूला, काढलेल्या मजकुरातले दुसऱ्या बाजूला. वगळलेल्या विभागांतले सोडून जो आकडा हरवला असेल तो लाल. उंची, सालं, अंतरं यांच्याबाबत ही चाळणी चांगली चालते, आणि आकडा गेला तर बहुधा शेजारचं वाक्यही गेलेलं असतं. त्याबरोबर ज्या मथळ्याखाली मजकूर उरला नाही असा प्रत्येक मथळा लाल. रिकामा मथळा फाइलमध्ये जाऊ द्यायचा नाही. एकतर मजकूर परत आणायचा, नाहीतर ‘मूळ लेखात तक्ता आहे’ अशी ओळ घालायची.

२३ नोव्हेंबर

काल काका आणि आणखी चौघं लोहगडावर फाइल घेऊन गेले होते. विमान मोड लावून वाचली. अक्षर मोठं करता यावं, हे सगळ्यांचं म्हणणं. गडाच्या विंचूकाटा माचीवर बसून काकांनी अख्खा लेख वाचला. दोन ठिकाणी मजकूर चुकीचा वाटला म्हणून फोनवर सांगितलं. त्या चुका आमच्या काढण्यातल्या नव्हत्या, मूळ लेखातल्याच होत्या. दुरुस्ती आमच्या फाइलमध्ये करायची नाही. लेखातच, योग्य संदर्भ देऊन करायची. पुढच्या आठवड्यात आवृत्तीचा क्रमांक बदललेला दिसेल आणि ती आपोआप खाली उतरेल. काकांना विकिपीडियावर खातं काढून द्यायचं आहे. येत्या रविवारी ते येतायत, त्यांच्याकडची जुनी पुस्तकं घेऊन.

बाकी कामं: नाशिक जिल्ह्यातले गड यादीत घेणं, तक्त्यातल्या वाटा ओळींत मांडणं, अक्षराचा आकार.